गाभाऱ्यात नेटवर्क नाही

"मोबाईल आत येऊ दे. तू बाहेरच थांब."

पटेल आबा असं म्हणाले. अष्टमीची सांज, आरतीची वेळ, देवळापुढं सारा गाव गोळा झालेला. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. चहा घेतेस का, असं विचारावं तसं म्हणाले. गावातलं मोठं घर त्यांचं, देवीच्या देवळाची किल्ली त्यांच्याच कमरेला. मी उंबऱ्याच्या खालच्या पायरीवर, हातात मोबाईल. माझा मोबाईल. बुऱ्हाणपूरला फॉर्म भरायच्या दुकानात दिवसभर बसून, माझ्या पगारातून घेतलेला.

आबांच्या सूनबाई पुढं आल्या. सगळा गाव त्यांना वहिनी म्हणतो. मी मोबाईल त्यांच्या हातात द्यायला गेले तर त्यांनी पायरीकडं बोट केलं. "तिथं ठेव ना गं." ठेवला. मग पुजाऱ्यानं तांब्यातलं तापीचं पाणी घेऊन त्याच्यावर शिंपडलं. चांगलं सढळ हातानं.

"अहो, पाणी जाईल त्यात!"

"देवाचं पाणी आहे. काही होत नाही."

वहिनींनी पदरानं पुसून उचलला. "चालू कसं करायचं गं?" आतून विचारलं. मी पायरीवरून सांगितलं, ते लाल बटण दाबा. त्यांनी दाबलं. माझा मोबाईल देवीसमोर गेला. अंघोळ करून गेला. मी जिथल्या तिथं.

आम्ही डफडंवाले. जात वेगळी सांगायला नको, डफडं म्हटलं की आमच्याकडं सगळ्यांना कळते. माझा आजा देवळाबाहेरच्या लिंबाखाली उभा राहून आरतीला डफडं वाजवायचा. मग बा वाजवू लागला. डफड्याशिवाय आरती होत नाही, असं गाव म्हणतो. आवाज आत चालतो. वाजवणारा चालत नाही. लहानपणी मी बाला विचारलं होतं, आपण आत काहून जात नाही? बा म्हणाला, आतून बाहेरचं नीट ऐकू येत नाही. तेव्हा मला ते खरं वाटलं होतं.

पेज मी सुरू केलं, तेव्हा देवळाचा विचारच नव्हता मनात. दुकानात काम नसलं की वेळ जायचा नाही. एक दिवस गावाचा पार टाकला, मग विहीर, मग केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली. बस. आणि माय वं, माणसं आली की! आमच्या गावातली निम्मी पोरं कामाला सुरतेला, पुण्याला गेलेली. ती लिहू लागली. ताई, आमच्या घराचं दार दाखव. ताई, शाळेमागची चिंच आहे का अजून? कुणी जुने फोटो पाठवायचं, कुणी म्हाताऱ्या आईचा आवाज टाकायचं. कॉमेंटमध्येच भांडणं, कॉमेंटमध्येच सोयरिकीच्या गोष्टी. पेज मी चालवत होते, पण ते सगळे मिळून बनवत होते. तिथं मला कुणी डफड्याची पोर म्हटलं नाही. ताई म्हणायचे. खोटं कशाला बोलू, त्या ताईनं मी फुलून जायचे.

मग नवरात्र आलं आणि आबांचा निरोप. आरती लाइव्ह कर, बाहेरगावच्या लोकांना दर्शन होईल. मी केली. पायरीवरून, झूम करून. देवीचं तोंड धूसर, ठिपक्याठिपक्यांचं दिसायचं. लोक लिहायचे, ताई जवळ जा ना. पोरं लिहायची, दीदी अंदर से दिखाओ ना. आता काय लिहू? गावाची लाज चव्हाट्यावर कशी मांडू? आपलेच दात नि आपलेच ओठ. मी लिहिलं, गाभाऱ्यात नेटवर्क नाही.

पहिल्या दिवशी लिहिलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं. मग रोजच. आबांनी ते वाचलं असणार, वहिनींनी तर नक्कीच वाचलं. कुणी काही बोललं नाही. त्यांचं झाकलं जात होतं ना, बरंच होतं.

तर अष्टमीला मी लिंबाखाली बाजवळ येऊन उभी राहिले. धाकटी बहीण तिच्या मोबाईलवर आमचाच लाइव्ह बघत होती. बाचं डफडं दोनदा ऐकू येत होतं. एकदा त्याच्या हातातून, आणि जरा मागाहून मोबाईलमधून, देवीजवळून आलेलं. पाणी गेल्यानं आवाज फुटत होता. पण चित्र लख्ख. देवीची नथ दिसत होती, कपाळावरचा मळवट दिसत होता. मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्याच मोबाईलमधून, बहिणीच्या मोबाईलवर.

खाली कॉमेंटचा पाऊस. वाह वहिनी. धन्यवाद वहिनी. आज डोळे निवले. मग कुणीतरी लिहिलं, आज तर आत नेटवर्क आलं! खाली हसणारी तोंडं. दुसऱ्यानं लिहिलं, रोजची ताई तर नाही म्हणायची.

वहिनींनी ते मोठ्यानं वाचलं. हसल्या. गोड आवाज त्यांचा. म्हणाल्या, "अहो, ती जरा आळशी आहे."

आळशी.

मी दहा पावलांवर उभी होते. बा तिथंच घामाघूम होऊन वाजवत होता, त्याच्या कानावर ते गेलं की नाही, कळलं नाही. बहिणीनं माझ्याकडं पाहिलं नि मोबाईल उलटा केला. मला आधी राग आलाच नाही, नुसता थकवा आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला. पण माझं तोंड तर मीच दाबलं होतं, त्यांच्या अब्रूसाठी. आणि त्याच्या बदल्यात मी आळशी. मग मात्र राग आला. असा आला की कान तापले.

मी पायरीपाशी गेले. "वहिनी, मोबाईल द्या."

आबांनी मान वळवली. "आरती होऊ दे."

"माझा आहे. द्या."

आरती अडखळली. बाचं डफडं थांबलं. वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या, उंबऱ्यापर्यंत आल्या आणि वाकून मोबाईल पायरीवर ठेवला. तेव्हासुद्धा हातात नाही दिला. लाइव्ह बंद करायचं त्यांना सुचलं नाही. मी उचलला, कॅमेरा स्वतःकडं फिरवला. आणि बोलले.

"मी आळशी नाही. मी रोज इथंच असते. नेटवर्क आहे, पहिल्या दिवसापासून आहे. मला आत येऊ देत नाहीत. आम्ही डफडंवाले आहोत म्हणून. आत्तापर्यंत डफडं ऐकलं ना तुम्ही, ते माझा बा वाजवतो. त्यालाही येऊ देत नाहीत."

मग उंबरा दाखवला. पायरी दाखवली, ओली. आणि बंद केलं.

तुम्हाला वाटेल की लोक माझ्या बाजूनं उठून उभे राहिले. कसले राहतात! देवीच्या दारात राजकारण, असं लिहिलं. शिव्या लिहिल्या, त्या मी इथं सांगणार नाही. ज्यांना त्यांच्या घराचं दार दाखवलं होतं, त्या सुरतच्या काकूंनी लिहिलं, ताई, हे बोलायला नको होतं, गावाची बदनामी झाली. माणसं पेज सोडून गेली. काही राहिली. दोन-चार जणांनी लिहिलं, आमच्या गावातही असंच आहे. तेवढंच.

नवमीला बाला वाजवायला बोलावलं नाही. आबांनी बुऱ्हाणपूरहून आरतीची मशीन आणली. बटण दाबलं की ढोल, झांज, घंटा सगळं आपोआप. ती आत बसवली. गाभाऱ्याच्या भिंतीला, देवीच्या उजव्या अंगाला. आजा गेला, बा म्हातारा झाला, त्यांना जी जागा कधी मिळाली नाही ती मशीनला पहिल्याच दिवशी मिळाली.

बा माझ्याशी बोलेना. डफडं खुंटीला लावून नुसता बसायचा. त्याची आरती गेली होती. दुसरं काय होतं त्याच्याकडं मिरवायला? शेवटी एकदा म्हणाला, "मला विचारायचं तरी."

"तू नको म्हटलं असतंस."

"हाव. नकोच म्हटलं असतं."

दसरा झाल्यावर आबांचा पुतण्या आला. मोहल्ल्याच्या तोंडाशी मोटारसायकल उभी केली, खाली उतरला नाही. तो व्हिडिओ लोक अजून एकमेकांना पाठवत होते, ते त्यांना खुपत होतं. म्हणाला, "व्हिडिओ डिलीट कर. तुझ्या बापाला परत बोलावतो आम्ही."

मी बाच्याकडं पाहिलं. खरं सांगते, बानं मान हलवली असती तर मी तिथंच काढून टाकला असता. त्याचं तोंड बघवत नव्हतं मला. बा उठला, धोतराचा सोगा सावरला, पुतण्यापाशी गेला.

"आत बोलावता का?"

"बाहेर. पहिल्यासारखंच. लिंबाखाली."

बानं थोडा विचार केला. मग म्हणाला, "तर मग मशीनच बरी आहे."

आणि घरात आला, पाणी प्याला.

त्या मोबाईलचा आवाज अजून फुटतो. मोबाईलच्या दुकानातला पोरगा म्हणतो, माइक बदलून देतो. मी बदलत नाही. पटेलांच्या घरानं देवळाचं वेगळं पेज काढलंय, तिथं देवी जवळून दिसते, माणसंही पुष्कळ. माझ्या पेजवर थोडी उरलीत. त्यांना मी गाव दाखवते. पार, विहीर, शाळेमागची चिंच. देऊळही दाखवते, पायरीपासून. तो अष्टमीचा व्हिडिओ सगळ्यात वर लावून ठेवलाय. ज्याला माझं गाव बघायचंय, त्यानं आधी तो उंबरा बघायचा, मग पुढं जायचं.

नवे लोक अजूनही लिहितात, ताई जवळ जा ना. दमते मी. तेच ते किती वेळा लिहायचं? पण लिहिते. नेटवर्क आहे. मला आत येऊ देत नाहीत. उद्या कुणी विचारलं तर उद्याही हेच लिहीन. त्यांची लाज आता त्यांनीच झाकावी. मी झाकणार नाही.