स्पोकची चाकं आणि मेहुणीचं घर

शिंपीकाका साठीचे, मी नुकताच साहित्य शिकून रिकामा. तरी आमची मैत्री आहे. त्यांच्या दुकानामागच्या शेडमध्ये दोन माणसांची एक जुनी स्पोर्ट्स कार असते. चालते कमी, झाकलेली जास्त. काकूंची ताई फोनवर तिची चौकशी करते. "तुमचं कपाट काय म्हणतंय?"

शेवटी काकूंनी तिला कळवलं, रविवारी जेवायला गाडीनेच येतो. काकांनी हे ऐकलं आणि गाडीची चारही लोखंडी चाकं काढली. मेहुणीकडे जायचं तर स्पोकच्या चाकांवर. काकू म्हणाल्या, घरात पाणी भरलेलं असताना यांना विहीर खणायचीय.

स्पोकच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो. त्यासाठी चाक आणि नट ज्यांवर बसतात ते आतले हबही बदलावे लागतात. डाव्या बाजूचे आटे आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट, म्हणजे गाडी धावताना नट सुटत नाहीत. काकांनी जन्मभर कपडा उलटा धरून शिवला. डावं ते उजवं, हे त्यांच्या हातात मुरलेलं. त्या हातांनी हब बसवले.

रविवारी पहिल्याच वळणावर नट सैल झाला. काकांनी ठोकला. मग दुसरा. काकांनी आट्यांवरून बोट फिरवलं. डावे हब उजवीकडे बसले होते.

"पुढे गेलं की सुटतात," ते म्हणाले. "म्हणजे मागे गेलं की आवळतील."

मी हसलो. एकटाच. हब पुन्हा काढायला वेळ नव्हता, आणि रिक्षातून उतरलेलं ताईने पाहिलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं काकूंचं मत पडलं. त्या गाडीत बसल्या. मी सायकलवर पुढे निघालो, म्हणजे मागे. लोकांना बाजूला करत.

ताई फाटकातच होती. गाडी पाठमोरी येऊन थांबली. नट घट्ट होते. ताईने विचारलं, हे काय?

काकूंनी केस सारखे केले. "निघताना वळवायला नको म्हणून."

ताईला ते पटलं. चाकांना तिने हातही लावून पाहिला. जेवणं झाली. मग ती निरोप द्यायला फाटकात येऊन उभी राहिली. समोर रस्ता लांब, सरळ, शेवटापर्यंत दिसणारा. काका स्टिअरिंगला हात लावून बसले. काकूंनी रस्ता बघितला, ताईला बघितलं.

"आज राहतोच आम्ही," त्या म्हणाल्या.

मी सायकलने परत आलो. दुकान अजून बंद आहे. सकाळी काकूंचा फोन आला होता. ताईची नजर चुकवून निघायचं, तर ती दुपारचीही झोपत नाही म्हणाल्या.