काझींच्या गाडीत मी तोंड उघडलं

मी चौथीपर्यंत शिकलो, पण सौदीतल्या दम्माममध्ये बारा वर्षं एका न्यायाधीशाची गाडी चालवली. आपल्याकडे काझी म्हणजे निकाह लावणारा. तिथे काझी म्हणजे कोर्टात निकाल देणारा. हा माणूस तरुणपणी वाळवंटातल्या एका लहान कोर्टात लागला आणि चढत चढत शहरात आला. बाजारात स्वतः कधी गेला नाही. ओळखून दुकानदाराने चार भेंड्या जास्त टाकल्या आणि उद्या तोच कोर्टात समोर आला तर? म्हणून भाजी मी आणायची, कोणासाठी ते सांगायचं नाही. आणि गाडीत कोर्टाची गोष्ट काढायची नाही.

कुवेतच्या युद्धाच्या दिवसांत एका दुपारी क्षेपणास्त्राचा भोंगा झाला. रस्त्यावर जो तो पळत सुटला आणि माझ्या मावसभावाच्या पाण्याच्या टँकरवर एक मोटार आदळली. मोटारवाल्याचा पाय मोडला. निकाल लागेपर्यंत भावाला आत टाकलं. गावी त्याच्या पोरीचा निकाह वीस दिवसांवर आलेला, इथला विमानतळ बंद म्हणून पार जेद्द्याहून विमानाचं तिकीट काढलेलं.

फाईल आली ती माझ्याच काझींकडे.

"मग बोल की त्याच्याशी," आम्हा कामगारांच्या खोलीत जेवण बनवणारा गडी म्हणाला. "का नुसती भेंडीच आणतोस त्याची?"

मला ते झोंबलं. सकाळी गाडीत मी काझींना म्हणालो, "शेख, तो टँकरवाला माझ्या मावशीचा मुलगा. चूक त्याची नाही."

कोर्टाच्या दाराशी उतरताना ते म्हणाले, "ही फाईल आता मी बघू शकत नाही."

"मी काही मागितलं नाही, शेख."

"मागितलंस. आणि तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. अडचण तीच आहे."

फाईल दुसऱ्या काझींकडे गेली. ते दुसरे युद्धाच्या भीतीने बायकामुलांना घेऊन रियाधच्या पलीकडे गावी गेलेले. कारकून मला म्हणाला, "कागद साफ होते रे. मोटार लाल दिव्यात घुसली होती. आपल्या काझींकडे याच आठवड्यात सुटला असता."

तीन दिवस मी काझींना सलाम केला नाही. चौथ्या दिवशी त्यांनीच केला. आजही म्हणतो, एकदा ऐकलं न ऐकल्यासारखं केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आमचा काझी कोणाचं ऐकत नाही, हे खोलीत छाती फुगवून सांगणारा मीच होतो.

भाऊ सुटला तो दीड महिन्याने. पोरीच्या निकाहात बापाच्या जागी थोरला चुलता बसला. विमानतळावर सोडायला मीच गेलो. कसं सांगावं ते सुचेना. तोच म्हणाला, "मला कळलंय सगळं. घरी सांगतो, युद्धामुळे विमानं बंद होती. तूही तेच सांग."

त्याने माझी लाज राखली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरगी आता नातवंडांची झाली. तिच्याकडे जेवायला गेलो की अजून त्या युद्धाला बोल लावते, माझ्या ताटात मासा वाढते, आणि मी मान खाली घालून जेवतो.