आत्या, चालेल ना

सहा डिसेंबर उलटल्यानंतरचा पहिला रविवार, संध्याकाळ. जागा: लोअर परळच्या चाळीतली माझ्या भावाची खोली. हजर: मी, भाऊ विजय, वहिनी सुनीता आणि आत्या. गैरहजर: माझे मिस्टर, त्यांना बोट लागते, बोटीचा विषयही लागतो. मुद्दा एकच: श्रीलंकेच्या बंदरात उतरल्यावर बोटीवाल्यांच्या बसने फिरायचं की आपलं आपण. निर्णय: झाला नाही. घरातल्या बैठकीचीसुद्धा टिपणं काढायची मला सवय आहे, आणि निर्णयाच्या जागी मी सहसा काहीतरी लिहून उठते. त्या दिवशी ती जागा कोरी राहिली, कारण जिच्यासाठी बैठक भरली होती ती आत्या सगळ्यालाच "चालेल" म्हणाली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, तिथूनच निवृत्त झाली. चाळीत तिला सिस्टर म्हणणारे थोडे आणि "चालेल आत्या" म्हणणारे जास्त. चहा बिनसाखरेचा आला तरी चालेल, दोनदा साखर पडली तरी चालेल. पंखा लावू का? चालेल. बंद करू? चालेल. मी लहानपणापासून या शब्दाची वर्गवारी करत आले. झटकन म्हटला तर हो, लांबवला तर नको, आणि पदराने चष्मा पुसत म्हटला तर लक्षच नाही, असं एकेकाळी ठरवलं होतं. मग चष्मा पुसत पुसत हो म्हटल्याचीही उदाहरणं निघाली, आणि माझी वर्गवारी मोडली.

तिच्या लग्नाची गोष्ट घरात नेहमी सांगितली जाते. आजोबांनी स्थळ आणलं. मुलगा गिरणीत, चांगला, निर्व्यसनी. आजोबांनी विचारलं, कसा वाटला? आत्या म्हणाली, चालेल. दोन्हीकडची माणसं जमली, विहारात तारीखही विचारून झाली. तेव्हा आत्या कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "मुलगा चालेल म्हटलं. मी लग्न करील असं कुठे म्हटलं?" आजोबा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिला तेही चाललं. ती आमच्याच घरात राहिली आणि आम्हां दोघा भावंडांना तिने वाढवलं.

तिचं खरं नाव संघमित्रा. पाळण्यात ठेवलेलं नाव धोंडी होतं. ती वर्षाचीही नव्हती तेव्हा आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरी येऊन आधी मुलीचं नाव बदललं. पुढे हॉस्पिटलात त्या नावाचं मित्रा झालं, डॉक्टरांच्या तोंडी नुसतं सिस्टर, चाळीत चालेल आत्या. पूर्ण नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं. पण आजोबांनी सांगितलेली गोष्ट तिने सोडली नव्हती. अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रातून लंकेला गेली, अनुराधपुरात ती लावली, आणि ते झाड अजून उभं आहे. सत्तरी ओलांडल्यावर एकदा शेंगा सोलताना आत्या म्हणाली, "ते झाड बघायचंय." आमच्या आठवणीत तिने स्वतःहून काही मागितलं ते एवढंच. विजयचा हात घासासकट थांबला.

म्हणून बोट. विजयच्या ऑफिसात कुणीतरी चेन्नईहून निघणाऱ्या बोटीचं सांगितलं. श्रीलंका लिहिलेली बघून त्याने चौघांचं बुकिंग करून टाकलं. नकाशा मी नंतर उघडला. बोट त्रिंकोमालीला लागणार, सकाळी येणार आणि संध्याकाळी सुटणार. अनुराधपूर तिथून आत, गाडीने दोन तासांच्या वर. बोटीवाल्यांच्या बसमध्ये किल्ला होता, देऊळ होतं, गरम पाण्याचे झरे होते. झाड नव्हतं.

त्या रविवारी हाच वाद झाला.

"बस घेतली की डोक्याला ताप नाही," विजय म्हणाला. "त्यांची बस लेट झाली तर बोट थांबते. आपण आपल्या गाडीने गेलो आणि लेट झालो, तर बोट टाटा करते. मग बसा तिथेच, सामान वर आणि आपण खाली."

"आणि एवढ्या लांब जाऊन झरे बघायचे?" वहिनी म्हणाली. "गरम पाणी वज्रेश्वरीला पण आहे. तिकडे एसटीने जाता येतं."

"सुनीता, तू रिस्क समजून घे."

"मी समजले. आत्यांना झाड बघायचंय, तुला बुफे."

मी आत्याकडे वळले. "आत्या, तू सांग. बोटीची बस की आपली गाडी?"

"चालेल."

"काय चालेल?"

"काहीपण चालेल. तुम्ही भांडू नका."

मी दोन्ही बाजूंचे फायदेतोटे समोरासमोर लिहून काढले. बसच्या बाजूला सुरक्षितपणा, वेळेची हमी, आत्याचे गुडघे. गाडीच्या बाजूला फक्त झाड. पुन्हा पुन्हा वाचूनही कुठली बाजू जड आहे ते मला कळेना.

बसच्या जागा भरत आल्या तसा विजय मागे लागला. मी ऑफिसातून आत्याला फोन केला. सगळं परत समजावलं: बस अशी, गाडी तशी, बसमध्ये झाड नाही. मध्येच तिच्याकडे कुणीतरी कुकरची शिट्टी झाली म्हणून ओरडलं, ती उठून गेली, परत आली. मी शेवटी विचारलं, "मग बसच घेते. आत्या, चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली. "का नाही चालणार?"

इतकं ठाम उत्तर तिने आयुष्यात दिलं नव्हतं. मी चार जागा नक्की केल्या.

त्यानंतर आत्या रोज सकाळी चाळीसमोरच्या मैदानात फेऱ्या मारायला लागली. गुडघ्याला पट्टा, हातात चपला. मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. वहिनीला वाटलं, मी सांगितलं असेल.

खुलासा बोटीवर झाला, त्रिंकोमालीच्या आदल्या संध्याकाळी. जेवताना आत्या म्हणाली, "उद्या तिथे अनवाणीच जायचं ना झाडापाशी? वाळू तापते म्हणतात. मी सवय केलीय."

विजयने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आत्या, आपण बसने जातोय. झऱ्यांवर. तुला फोनवर विचारलं होतं मी."

"तू विचारलंस, आत्या चालेल ना. मी म्हटलं, चालेल."

ती कुकर बंद करून परत आली तेव्हा तिच्या कानावर एवढेच तीन शब्द पडले होते. मी तिला हाक मारून बसबद्दल विचारत होते. तिला वाटलं, आत्याच्या पायांना चालायला जमेल का असं मी विचारतेय. पुस्तकी मराठीत ती "चालेन" म्हणाली असती तर तिथेच उलगडा झाला असता. पण आमच्या घरात मी येईल, मी बघेल, मी चालेल असंच बोलतात. वहिनीला हसू आवरेना. "म्हणजे दोघी दोन वेगळ्या फोनवर होता," ती म्हणाली. मग आत्याच्या हातातला थांबलेला चमचा तिला दिसला आणि तिचं हसू विरलं.

आत्या म्हणाली, "असू दे. बस पण चालेल."

मी उठले आणि काउंटरवर जाऊन बसच्या दोन जागा रद्द केल्या. तिथल्या मुलीने मला हळू आवाजात दोनदा सांगितलं की बोट थांबणार नाही. मी दोनदा कळलं म्हटलं. बंदरातल्या गाडीवाल्याचा नंबर मात्र विजयनेच शोधून दिला.

सकाळी कळलं की बोट धक्क्याला लागत नाही, बाहेरच नांगर टाकते आणि लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. आधी बसवाले. आमच्यासारखे आपलं आपण जाणारे मागे. विजय आणि वहिनी पहिल्या होडीतून हात हलवत गेले. आत्या पांढरी साडी नेसून, फुलांची पिशवी मांडीवर घेऊन जिन्याजवळच्या खुर्चीवर बसून राहिली. आम्ही जमिनीवर पाय ठेवला तेव्हा ऊन वर आलं होतं.

गाडीवाला हसतमुख होता. हिंदी थोडं, इंग्रजी थोडं, बाकी हाताने. अर्ध्या रस्त्यात गाड्यांची रांग उभी दिसली. पुढे रस्त्यावर हत्तींचा कळप आला होता, आणि कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हतं. मी विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, "मॅडम, एलिफंटके पास घडी नहीं." आम्ही थांबलो. आत्याने खिडकीतून हत्ती बघितले, मग माझं घड्याळ बघितलं. रांग सुटली तेव्हा गाडीवाल्याने गाडी सुरू केली नाही. जाऊन पोचू, तो म्हणाला, पण परत वेळेत येण्याचं मी सांगू शकत नाही.

मी मनातल्या मनात सगळं मांडून बघितलं. बोट चुकली तर आत्याची औषधं बोटीवर, पासपोर्ट जवळ आहेत, राहायची सोय होईल, विमानाने परत जाता येईल. जमलं असतं. नसतंही जमलं. मी म्हटलं, "आत्या, परत फिरूया का?"

ती चष्मा पुसत होती. "चालेल," ती म्हणाली.

मी गाडीवाल्याला वळवायला सांगितलं.

परतीच्या वाटेवर एका गावात रस्त्याकडेला छोटा विहार होता आणि पारावर पिंपळ. गाडीवाल्याने स्वतःहून गाडी थांबवली. हे झाड अनुराधपूरच्या त्याच मोठ्या झाडाच्या रोपातून वाढलेलं आहे, असं त्याने सांगितलं. कुणाकडून ऐकलं ते त्याला सांगता येईना. आत्या चपला गाडीत ठेवून उतरली. वाळू तापलेली होती. तिने झाडाला सावकाश फेऱ्या घातल्या, फुलं वाहिली, डोळे मिटून बसली. मी सावलीत उभी राहून घड्याळ बघत होते. परत येऊन ती "झालं" म्हणाली. बोट सुटायला भरपूर वेळ उरला होता. बसवाले आमच्यानंतर आले.

घरी आल्यावर विहारातल्या बायकांनी विचारलं, संघमित्राबाई, झाड बघितलंत? आत्या म्हणाली, बघितलं. वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "ताई, आत्यांना कळलंय ना की ते वेगळं होतं?" आत्याला विचारायची हिंमत झाली नाही, कारण ती काय उत्तर देईल ते दोघींनाही माहीत होतं. आणि मग एका दुपारी, मी मेथी निवडत असताना, कशाचा काही संबंध नसताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी लवकर निघू."

पुढची वेळ आली नाही. त्याच थंडीत ती गेली, झोपेत, कुणाला न उठवता. तिला खांद्यावरून खाली ठेवल्यावर विजयने मला फक्त एवढंच विचारलं, "तिने बघितलं की नाही बघितलं, तू काय धरतेस?" मी काही धरलेलं नाही. रस्त्यातल्या झाडापाशी तिचं मन भरलं असेल, किंवा तिने माझं मन राखलं असेल. दोन्हीकडे समोरासमोर लिहून बघितलं, जड बाजू कळत नाही.

आता मी, विजय आणि वहिनी अनुराधपूरला जायचं म्हणतोय, विमानाने, आत्याच्या नावाने फुलं वाहायला. टूरवाले म्हणतात ग्रुपबरोबर या, सगळं आमच्यावर सोपवा. विजय म्हणतो, आपलं आपण जाऊ. सुट्ट्या मागून झाल्या, पासपोर्ट बघून झाले. झाडापाशी पहाटे पोचवणारी गाडी सांगायची आहे. ती अजून सांगितलेली नाही.