बर्फखान्याचं दार

आमचा पहिला अल्बम सातपाटीच्या एका बंद बर्फखान्यात रेकॉर्ड झाला असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग म्हणतो, वा, काय कल्पना! कल्पना कसली डोंबलाची. आम्हाला दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं. बोईसरच्या माझ्या घरात मी गायला लागले की वरच्या मजल्यावरच्या काकू फरशीवर लाटणं आपटायच्या. गिटारवाल्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान रस्त्यावर, तिथून दिवसभर कंपन्यांचे टँकर धडधडत जायचे. आणि ड्रमवाला सातपाटीचा. त्याने घरी ड्रम वाजवला की शेजारी विचारायला यायचे, हळद कुणाची आहे?

आम्ही तिघंच होतो. गाणी मी लिहायची आणि मीच गायची. बाकीच्या वेळी मी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नमुने तपासायची. आलेला नमुना तपासायचा, सही करायची, पुढचा घ्यायचा. शिफ्ट संपवून घरी आलं की आई फोनवर आलेली स्थळं दाखवायची, म्हणजे तिथेही नमुनेच. अंगाला आणि केसांना येणारा कंपनीचा वास कितीही धुतलं तरी जायचा नाही. मला गुदमरल्यासारखं व्हायचं, आणि यातून सुटायचा एकच रस्ता मला दिसत होता, तो म्हणजे हा अल्बम.

पावसाळ्यात मासेमारीची बंदी असते. बोटी किनाऱ्यावर चढवलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही, म्हणून ड्रमवाल्याच्या मामाने आम्हाला बर्फखान्याची आतली खोली दिली. भिंती हातभर जाड, आवाज ना आत येत ना बाहेर जात. स्टुडिओवाले ज्यासाठी एवढा खर्च करतात ते आम्हाला माशांच्या कृपेने फुकट मिळालं. पण वेळ थोडा होता. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की बोटी निघणार, आणि यंदा ड्रमवाल्याला वडिलांच्या जागी बोटीवर जायचं होतं. गेल्या हंगामात दोर ओढताना त्यांचा खांदा निखळला होता, तो परत धड बसलाच नव्हता. घरात दुसरा मुलगा नाही. ड्रमवाला यावर काहीच बोलायचा नाही, फक्त दिवसेंदिवस जोरात वाजवायचा.

खोलीच्या दाराची आतली कडी गंजून कधीच गळून पडली होती. दार बाहेरूनच उघडायचं. त्यावर आम्ही उपाय काढला होता. पाइपासाठी पाडलेल्या भोकातून एक दोर बाहेर सोडला आणि त्याला तेलाचा रिकामा डबा बांधला. आतून दोर ओढला की बाहेर डबा खडखडायचा आणि ड्रमवाल्याची आई दार उघडायची. ती पलीकडे छपराखाली जाळं सांधत बसलेली असायची. रोज दार लावताना म्हणायची, "तुमी गा. मी हाय."

ती नाही असं एकदाच झालं.

शेवटचं गाणं राहिलं होतं. दुपारची वेळ, बाहेर उधाणाची भरती. गाणं अर्ध्यावर असताना लाइट गेली आणि आमचा पंखा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर होता, त्याचा तेवढा उजेड. मी दोर ओढला. डबा खडखडला असावा, पण कुणी आलं नाही. ड्रमवाल्याने दोर दोन्ही हातांनी हिसडला, तसा तो तुटून त्याच्या हातात आला. त्या जाड भिंतींत फोनला रेंज नव्हतीच.

"कोई नहीं है बाहर," गिटारवाला म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मर गए तो अल्बम पक्का हिट है." त्याचे वडील उत्तर प्रदेशातून इथे यंत्रमागावर कामाला आले, तेव्हापासून त्यांच्या घरी सगळ्या संकटांना हीच भाषा.

मला हसू आलं नाही. अंग घामाने निथळत होतं, छातीत श्वास पुरत नव्हता. मी ओरडायला लागले. ओरडून ओरडून घसा बसला तेव्हा शब्द गेले आणि नुसता सूर उरला. तो थांबवता येईना. ड्रमवाला दारावर दोन्ही मुठींनी ठोकत होता. तीन ठोके, मग थांबून कानोसा, परत तीन ठोके. किती वेळ गेला ते आम्हाला कळलं नाही. मग तो खाली बसला, भोकाला तोंड लावलं आणि लहान पोरासारखा बोलायला लागला.

"आये, दार उघड. आये, मना दर्याची भीती वाटते गं. किनारा दिसेनासा झाला का असाच जीव कोंडतो. मना नाय जायाचं बोटीवर. बाबाला सांग ना तू."

कोळ्याच्या पोराने हे बोलणं म्हणजे काय ते मला बोईसरला राहूनही समजत होतं. असं तो उजेडात कधीच बोलला नसता.

नंतर केव्हातरी दार उघडलं. ड्रमवाल्याची आई कमरेपर्यंत भिजलेली, हाताचे तळवे सोलवटलेले. पहिलं वाक्य बोलली ते, "वाचली बोट." उधाणात त्यांच्या बोटीचा दोर सुटला होता आणि बोट ओढायला या अशी हाक आली होती. सातपाटीत ती हाक आली की चुलीवरचं कालवण तसंच टाकून धावायचं असतं, बोट कुणाचीही असो. ही तर तिचीच. आम्ही आत आहोत हे ती साफ विसरली होती. मला तिचा भयंकर राग आला, पण बाहेर कुणालाच त्यात रागावण्यासारखं काही दिसत नव्हतं. जमलेल्या बायका बोट कशी थोडक्यात राहिली तेच सांगत होत्या. आईने पोराकडे एकदा बघितलं, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि चहा टाकायला गेली.

लॅपटॉप चालूच राहिला होता. गिटारवाल्याने ते सगळं दुकानात बसून ऐकलं आणि म्हणाला, यही आखिरी गाना है. ड्रमवाला म्हणाला, ठोके ठेवा, माझं बोलणं काढा. आम्ही काढलं. ठोके आणि माझा फाटका सूर राहिला. अल्बमला नाव दिलं 'बर्फखाना' आणि पुनवेच्या आत तो इंटरनेटवर टाकला.

चाललं तर तेच गाणं. पुण्याहून, बंगळुरूहून अनोळखी लोक लिहायला लागले की तालवाद्याचं काम अप्रतिम आहे. एकाला त्यात आदिम लय ऐकू आली. बाकीची गाणी मी महिने महिने घासूनपुसून लिहिली होती, त्यांना कुत्रं विचारेना. आणि मी जिथे गुदमरत होते तेवढंच लोकांना पुन्हा पुन्हा हवं होतं.

पुनव झाली, बोटी गेल्या, ड्रमवालाही बोटीवर गेला. मग आमचे कार्यक्रम तिथी बघून ठरायला लागले. अमावास्या-पुनवेच्या उधाणात बोटी दर्यात, अष्टमीच्या आसपास भांग लागला, म्हणजे पाण्याचा जोर उतरला, की घरी. शहरातला एक आयोजक शनिवार मागत होता. मी म्हटलं, शनिवारी दशमी आहे, तोवर बोटी निघतात, तुम्ही अष्टमीचं बघा. त्याने पुन्हा फोन केला नाही. बोईसरच्या एका हॉटेलच्या गच्चीवर वाजवलं तर लोकांनी हळदीच्या गाण्यांच्या फर्माइशी केल्या. मुरब्याच्या गणपतीत त्या ठोक्यांवर पोरं बेभान नाचली. प्रत्येक ठिकाणी शेवटी दाराचं गाणं गायलाच लागायचं, आणि प्रत्येक वेळी मी परत त्या खोलीत जायची. ड्रमवाला दर भांगाला अधिक काळा, अधिक वाळलेला दिसायचा. गाण्याआधी डोळे मिटायचा. विचारलं तर म्हणायचा, काय नाय.

पालघरचा कार्यक्रम आमचा पहिला मोठा. भाड्याचा हॉल, खुर्च्या भरलेल्या. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवायची अट होती. ड्रमवाल्याची आई पहिल्यांदाच आम्हाला ऐकायला आली होती, नवं लुगडं नेसून, केसांत अबोलीची वेणी माळून मधल्या रांगेत बसली होती. शेवटी लोक ओरडायला लागले, दार, दार. त्याने मोठ्या ड्रमवर सुरुवात केली. तीन ठोके, थांबणं, परत तीन. मी सूर लावला.

ती उठली. लोकांच्या पायांमधून वाट काढत सरळ मागे गेली, हॉलच्या दाराची कडी काढली आणि दोन्ही कवाडं सताड उघडली. रस्त्यावरचे हॉर्न आत आले, वडापावच्या गाडीचा वास आला. लोक वळून बघायला लागले, कुणीतरी हसलं. ती दाराला हात लावून तशीच उभी राहिली. ड्रमवाल्याने डोळे उघडले, तिला बघितलं आणि त्याचा हात थांबला. गाणं तिथेच संपलं. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझं डोकं सणकलं होतं. तो सामान आवरत होता तेवढ्यात मी तिला बाहेर टेम्पोजवळ गाठलं. "मावशी, गाणं चालू असताना दार कशाला उघडलंत?"

"ऐकवंना, बाय," ती म्हणाली. "त्या दिवशी मी आले तवा तो बोलत होता. भोकातून सगला ऐकला मी. कडीवर हात होता माजा. त्याचा बोलून होईपर्यंत उघडलाच नाय."

म्हणजे तिला माहीत होतं. तेव्हापासून दर उधाणाला ती त्याचा डबा भरून देत होती ते माहीत असूनच. "मग सांगा ना घरी," मी म्हटलं.

"काय सांगू? ह्यांचा खांदा गेला. बोट उभी ठेवून खायाचा काय?" तिने हॉलच्या उघड्या दाराकडे बघितलं. "हा दार व्हता, त उघडला. बोटीला दार नसते, बाय. ते मी कुठशी उघडू?"

तो ड्रम खांद्यावर घेऊन आला. तिने पटकन आवाज बदलला आणि विचारलं, "मफलर घेतला का रे? परवा निघायचं हाय."

"हां आये," तो म्हणाला आणि ड्रम टेम्पोत चढवायला लागला. मी एका बाजूने हात लावला.