थांबणारी शाळा

गुळगुळीत कागदाला एक वास असतो. नव्या छपाईचा, किंचित गोडसर, श्रीमंत वाटणारा. पुण्याहून नुकतंच ऑकलंडला आलेलं एक तरुण जोडपं परवा माझ्या टेबलावर हायस्कुलांच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा ठेवून गेलं. तुम्ही यातून गेला आहात, जरा बघून सांगा, म्हणाले. मी वरचं पत्रक उघडलं. हिरवंगार मैदान, विटांची कमान, ब्लेझर घातलेल्या हसऱ्या मुली. तो वास नाकात शिरला आणि शहराच्या टोकाला असलेल्या पापाकुरातलं आमचं भाड्याचं घर आठवलं, फ्रिजवर लावलेला माझा शाळांचा तक्ता आठवला. हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

दोन हजारचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. नवरा सकाळच्या गाडीने शहरात नोकरीला जाई, मी एका कंपनीत पुलांची गणितं करत असे. लेक तेराव्या वर्षात होती. ती बोलताना अडायची. ‘म’ आला की बहुतेक वेळा ओठ मिटायचे आणि उघडायचेच नाहीत. ‘आई’ म्हणताना मात्र कधी अडली नाही, त्यामुळे तिला ‘मम्मी’ शिकवलं नाही याचं मला फार बरं वाटे. ती अडली की मी पुढचा शब्द पुरवत असे. दुकानात, डॉक्टरांकडे, मैत्रिणीच्या वाढदिवसाला. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की ती अर्धं वाक्य बोलून माझ्याकडे बघायची आणि मी ते पुरं करायचे. याला मी माया म्हणत होते.

त्या काळी इथल्या प्रत्येक शाळेला एक ते दहामधला एक आकडा असे, डेसाइल म्हणत त्याला. आम्ही पुण्या-मुंबईची माणसं, आकडा दिसला की आम्हाला गुणवत्ता यादीच दिसते. गणपतीच्या जेवणाला जमलो की मोदकांपेक्षा डेसाइलवरच जास्त तोंड चाले. दहाची शाळा म्हणजे बोर्डात आलेली, खालच्या आकड्याची म्हणजे काठावर पास. आमच्या घराजवळची शाळा पार तळाकडे होती. मी रीतसर तक्ता केला आणि दहावाली एक शाळा सगळ्यांत वर ठेवली. ती आमच्यापासून लांब होती, पण तिला होस्टेल होतं, आणि हद्दीबाहेरच्या मुलींना होस्टेलमधून प्रवेश मिळत होता. पोरगी गप्प होती. तिचं गप्प असणं म्हणजे होकार, असं मी धरून चालले.

त्या शाळेत आम्ही गेलो. होस्टेलच्या बाईंनी लेकीला विचारलं, तुला काय आवडतं? तिने ओठ मिटले. ‘म्युझिक’ म्हणायचं होतं तिला, मला ठाऊक होतं. मी म्हणून टाकलं. बाईंनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न सरळ मलाच विचारला. परतताना गाडीत मी त्या इमारतीचं कौतुक करत होते आणि मागच्या सीटवर लेक खिडकीबाहेर बघत रडत होती. कितीतरी वेळ माझ्या लक्षातही आलं नाही. आलं तेव्हा गाडी कडेला घेतली.

जवळच्या शाळेत गेलो ते तिच्या हट्टाखातर. माहितीपत्रक नव्हतं, झेरॉक्सचा एक कागद होता. दारात ‘किया ओरा’ म्हणत एक उंच माओरी शिक्षिका आल्या आणि त्यांनीही तोच प्रश्न विचारला. लेक अडली. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे न बघता हात किंचित वर केला. रागाने नव्हे, शेजारीण ‘जरा थांबा हं’ म्हणते तसा. त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने शब्द आला. त्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि पुन्हा थांबल्या.

मी आपली डेसाइलवर आले. बाई हसल्या. तो आकडा शिकवण्याचा नाहीच, म्हणाल्या. मुलं कुठल्या वस्त्यांतून येतात, घरं किती सुखवस्तू आहेत, त्याचा आहे. दिवसभर आकडे तपासून पोट भरणारी मी! हा आकडा नेमकं काय मोजतो, हे मी एकालाही विचारलं नव्हतं. घरी येऊन तक्ता काढून टाकला आणि लेकीचं नाव जवळच्याच शाळेत घातलं. मराठी मंडळींनी मला वेड्यात काढलं, ते मी हसत सोसलं.

पहिल्या आठवड्यात नव्या मुलांच्या स्वागताला पालकांनाही बोलावलं होतं. तिथे एक माओरी रीत होती. आपला डोंगर, आपली नदी, आपली माणसं सांगायची आणि आपलं नाव सर्वांत शेवटी. ज्यांना बोलायचं त्यांनीच हात वर करायचा होता, आणि आमच्या मुलीने तो केला होता. आदल्या दिवशी घरात नदीवरून जुंपली. माझी पुण्याची मुठा, नवऱ्याची सांगलीची कृष्णा. तो तिला समजुतीने म्हणाला, “कृष्णाच म्हण, ‘म’ नाही त्यात. सोपं जाईल.”

एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी पोर मराठीत म्हणाली, “नको. मुठाच. तिथे थांबतात, बाबा.”

दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. “को सिंहगड ते मौंगा,” तिने माओरीत डोंगर सांगितला, ‘मौंगा’चा ‘म’ कसाबसा पार पडला. मग नदी आली आणि ओठ मिटले. सगळं सभागृह भरलेलं. कुणी खोकलं नाही, कुणी हसलं नाही. तो शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता, पदर नव्हता म्हणून मी कुडत्याची कड तोंडाशी धरली. नवऱ्याने माझा हात घट्ट दाबला. आणि मग ती म्हणाली, “को मुठा ते आवा.” स्पष्ट, खणखणीत, आमच्या घरात कधीच न ऐकलेल्या आवाजात. नंतर शाळेतली मोठी मुलं उभी राहून तिच्यासाठी गायली. मी रडत होते आणि मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं. जिंकली होती ती. मी एवढंच केलं होतं, की गप्प बसले होते.

पुढे ती पुष्कळ शिकली, मंचावर बोलली, बक्षिसं आणली. आता दुसऱ्या शहरात असते. तिचं अडणं गेलेलं नाही, फक्त तिला त्याची भीती वाटत नाही. रविवारी फोन येतो, मध्येच एखाद्या शब्दाशी आवाज थांबतो. इतकी वर्षं झाली तरी तो शब्द अजून माझ्याच तोंडात आधी येतो. मी तो गिळते आणि फोन कानाला धरून थांबते. मग पलीकडून तो येतोच, आणि तो तिचा असतो.