दादासमोरची जागा

जेवणं उरकून मी जरा आडवी झालेय. संध्याकाळी पाचला शाळेच्या पटांगणात आमच्या गावची जुनी बेंजो पार्टी पुन्हा एकत्र वाजवणार आहे, आणि बेंजोवर मी. दादा गेला, म्हणून मी. उजव्या मुठीत त्याची नखी धरलीय, तारा छेडायची. आईच्या हिरव्या कंगव्यातून त्यानं कापलेली. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं स्वतःला बजावते.

मला कुणी शिकवलेलं नाही, हीच अडचण. दादा सरावाला बसला की मी समोर बसून लसूण सोलायची आणि बघायची. त्याचा तारा छेडणारा उजवा हात माझ्या डावीकडं, पट्ट्या दाबणारा डावा माझ्या उजवीकडं. माझे हात तसेच बसले, छेडायला डावा. उलटे. ढोलकीवाले नारबाकाका परवा म्हणाले, "वैजू, लोक हसतील गं. सरळ वाजव." तेव्हापासून सरळ वाजवतेय आणि एक ओळ धड निघत नाही.

पंखा टकटकतोय. टकटकीची ढोलकी होते.

"टेंपो कुणी थांबवला?" दादा विचारतो.

तो उशाशी बसलाय, पार्टीचा लाल कोट घालून. कोट अजून खांद्यात तोकडाच. माझी खाट म्हणजे टेंपोचा हौदा, आणि आम्ही वरातीत चाललोय. खाली रस्ता नाही, माझ्या स्वयंपाकघराची फरशी आहे. ओट्यापाशी वळण येतं.

"दादा, पाच वाजले का रे?"

"मला काय विचारतीस? माझं घड्याळ तुझ्या नवऱ्याच्या हातात."

"चालतंय अजून."

"चालणारच. बंद मी पडलोय."

पटांगण येतं. सतरंजीवर सगळी पार्टी बसलीय. नारबाकाका ढोलकी आवळत माझ्याकडं बघतायत. सगळं गाव बघतंय. मी दादाच्या जागेवर बसते, उजवा हात तारांवर नेते. हात जातच नाही. कुणीतरी खोकतं. मागं कुणी हसलं का?

"दादा, हात येईना."

"येईल कसा? माझ्या जागेवर बसलीस."

"मग कुठं बसू? सगळ्यांनी हीच दिलीय."

"लसूण कुठं बसून सोलायचीस?"

बेंजोच्या पलीकडं लसणाची सालं पडलीयत. तिथं बसायचं तर लोकांकडं पाठ होणार.

"पाठ दिसेल माझी."

"दिसू दे. अंबाडा नीट घाल म्हणजे झालं."

"नारबाकाका ओरडतील."

"नारबा जन्मभर एकच ठेका वाजवतोय. तो कुणाला ओरडतोय?"

मला हसू येतं. "आणि तू कुठं बसणार?"

"माझ्याच जागेवर. माझे हात बघितल्याशिवाय वाजवलंयस कधी?"

मी उठून पलीकडं जाते. सालं पायाला चिकटतात. दादा मांडी घालतो, बोटं पट्ट्यांवर ठेवतो, मान हलवतो. आता.

"वैजू! अगं, झोपलीस काय? सगळी येऊन बसली!" दारात नारबाकाका.

मी धडपडून उठते. उजवी मूठ उघडते. रिकामी! उशीखाली बघते, चादर झटकते. 

"काय हरवलं?"

"नखी, काका."

"ती काय, हातात."

नखी डाव्या हातात आहे. अंगठा आणि बोटाच्या मध्ये, वाजवायला धरावी तशी. इतकी घट्ट, की अंगठ्यावर तिची कड उमटलीय.