जीभ शिवून देणारा टेलरमास्तर

आमच्या पिढीची माणसं जमली आणि जुन्या टीव्हीचा विषय निघाला की सगळी विरघळतात. गच्चीवरचा अँटेना, लाकडी शटर, शेजारपाजारची पोरं जमिनीवर मांडी घालून बसलेली, वगैरे वगैरे. मी अशा वेळी गप्प बसते. मला त्या टीव्हीचा राग आहे आणि इतक्या वर्षांत तो काही कमी झालेला नाही.

बाबांनी बर्डीच्या बाजारातून टीव्ही आणला तेव्हा मी सात वर्षांची होते. नागपुरात टीव्ही दिसायला लागून फार दिवस झाले नव्हते. बहुतेक कार्यक्रम हिंदी असायचे, पण मुलांसाठी मराठीतही काहीबाही असे. ते तिकडे पुण्या-मुंबईकडे कुठंतरी तयार व्हायचं आणि आम्ही इथे ते बघायचो. त्यात बाहुल्यांचा एक छोटासा भाग होता, जेमतेम पाच-सात मिनिटांचा. त्याचं नाव आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी मी ते लिहिलं नसतं.

त्यात एक खेडूत बाहुला होता. डोक्याला मुंडासं, पुढे आलेले दात, बावळट डोळे. तो यायचा आणि म्हणायचा, "मले भूक लागली." लगेच पडद्याच्या कडेनं कात्री दिसायची. आधी नुसती कात्रीच, चंदेरी कागद लावलेली, त्या बाहुल्याच्या डोक्यापेक्षा मोठी. मग तिच्या मागून टेलरमास्तर यायचा. गळ्यात टेप, नाकावर चष्मा. "कोण बोललं अशुद्ध?" तो विचारायचा. खेडूत मुकाट्यानं जीभ बाहेर काढायचा, कापडाची लांबलचक जीभ, आणि मास्तर ती खच्चकन कापायचा. जीभ खाली पडायची, आणि मागे कुठली तरी मुलं खदखदून हसायची. मग मास्तर नवीन जीभ शिवून द्यायचा आणि बाहुला म्हणायचा, "मला भूक लागली आहे." त्यावर टाळ्या. ती जीभ लाल असणार. आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर ती काळी दिसायची.

आमच्या घरात आम्ही सगळेच 'मले' म्हणायचो.

बाबा नागपूरजवळच्या सावनेरचे. ऑफिसात ते 'मला' म्हणायचे आणि घरी येऊन चपला काढल्या की 'मले'. तो खेडूत दिसला की सगळ्यात मोठ्यानं बाबाच हसायचे. "कसा बोलते पाहा, बावळट!" असं म्हणून मांडीवर थाप मारायचे. आपण स्वतः काय बोललो हे त्यांच्या कानावर पडत नसे. मी हसत नव्हते. मी दोन्ही ओठ आत ओढून, नाकानं श्वास घेत बसायचे. उठून जावं तर पाठ फिरल्यावर मास्तर काय करेल याची खात्री नव्हती.

आणि आई तर थांबायचीच नाही. ती पारशिवनीकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन नागपुरात आली ती बोलत बोलतच आली असावी. नळावर बायकांच्या बादल्या भरून वाहायला लागायच्या तरी त्या हलायच्या नाहीत, कारण आईचं काहीतरी सांगणं अर्धवट असायचं. माहेरची म्हैस, चुलत सासऱ्यांचा तिरसटपणा, शेजारणीच्या नव्या कुकरचा झालेला स्फोट. एकच गोष्ट ती तीनदा सांगायची आणि तिन्ही वेळा ती वेगळी असायची. माझ्या आईसारखं बोलणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही. मला ती गोष्ट तेव्हा कळायला हवी होती. मला तेव्हा फक्त तिचं उघडं तोंड दिसायचं.

मास्तर टीव्हीतून बाहेर येणार नाही एवढं मला समजत होतं, मी काही वेडी नव्हते. पण टेलरमास्तर बाहेरही होतेच की. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक होते. गळ्यात टेप, नाकावर चष्मा, हातात कात्री. बिचारे अत्यंत सभ्य गृहस्थ. आई त्यांच्याकडे ब्लाउज टाकायला गेली की पंधरा मिनिटं बोलायची. "मले बाह्या लांब पाह्यजे, मागच्या वेळी तुमी आखूड केल्या," असं ती म्हणाली की मी तिचा पदर ओढून रडायला सुरुवात करायचे. तिथून तिला घरी न्यावं, एवढंच मला सुचायचं.

"काहून रडून राहिली वं? काय झालं?" ती विचारायची.

मी सांगत नव्हते. कारण जे सांगायचं होतं ते वाक्यच 'मले भेव लागते' असं होतं. दुसऱ्या कुठल्या शब्दांत भ्यायचं ते मला येत नव्हतं. 'मला भीती वाटते' हे वाक्य पुस्तकात होतं, पण ते पुस्तकातल्या मुलीचं होतं. ते बोलायला माझी जीभ आधी कापून शिवावी लागली असती. तेव्हा मी नुसतीच रडत राहिले, आणि आईनं पोटात जंत झाले असतील म्हणून मला कडू औषध दिलं.

मग एका रविवारी बाबांचे साहेब आणि त्यांच्या बाई आमच्याकडे आले. पुण्याचे. बदली होऊन नुकतेच नागपुरात आले होते. बाबांनी दोन दिवस आधीपासून घर डोक्यावर घेतलं होतं. आईनं पोहे केले. बश्या घेऊन ती बाहेर आली आणि हसून म्हणाली, "तुमाले पोह्यावर सांबार चालते न?"

"पोह्यांवर सांबार?" बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे इडलीबरोबरचं आलं असणार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या हसायला लागल्या, साहेब हसायला लागले, आणि मग बाबाही हसायला लागले. हसणं अगदी टीव्हीतल्यासारखंच होतं. आईसुद्धा हसत होती, आणि समजावून सांगायला तिनं तोंड उघडलं, "आमी त्याले..."

मी खुर्चीवर चढले आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड दाबून धरलं.

"नको बोलू," मी ओरडले. "आई, तू नको बोलू!"

मग साहेबांच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई! मुलीला कळतं हं. शिकतेय शुद्ध बोलायला." त्यांनी कौतुकानं माझा गाल धरला. बाबांनीही मान डोलावली. कधी नव्हे ते माझ्याकडे अभिमानानं पाहिलं त्यांनी.

माझे हात आईच्या तोंडावर होते. तळव्यांना तिचं हसू लागत होतं, आणि ते हळूहळू थांबलेलंही लागलं. तिनं माझे हात बाजूला केले, बश्या टेबलावर ठेवल्या आणि आत गेली. पाहुणे जाईपर्यंत ती "हो" आणि "नाही" एवढंच बोलली. मी निर्धास्त झाले होते. मला वाटलं, मी तिला वाचवलं.

तिला काय वाटलं असेल, हे समजायला मला फार वर्षं लागली. आपल्या सात वर्षांच्या पोरीला परक्यांसमोर आपली लाज वाटली, असंच तिला वाटलं असणार. दुसरं काय वाटणार? मी कधी कात्रीचं बोलले नव्हते, आणि तो कार्यक्रम लागायचा तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची. तिनं तो बाहुला एकदाही पाहिला नव्हता.

एवढंच असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. लहान होते, भ्यायले होते, बाकीचे मोठे होते, असं म्हणून सुटता आलं असतं. पण चार वर्षांनी, पाचवीत, शाळेत पालकांना बोलावलं होतं. बाहुल्याचा कार्यक्रम कधीच बंद झाला होता आणि मला कुठल्याही कात्रीची भीती उरली नव्हती. शाळेच्या फाटकाशी मी आईला थांबवलं आणि स्वच्छ, शुद्ध मराठीत सांगितलं, "आत गेल्यावर तू काही बोलू नकोस. मी बोलेन."

"बरं," ती म्हणाली.

वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "तुझी आई किती शांत आहे गं." नळावरच्या बायकांनी ऐकलं असतं तर त्यांच्या हातातल्या बादल्या पडल्या असत्या. त्या वेळी मला भीती नव्हती, लाज होती. पहिल्या वेळी आईचा गैरसमज झाला होता, दुसऱ्या वेळी मी तो खरा करून दाखवला. टेलरमास्तरनं निदान नवीन जीभ तरी शिवून दिली होती.

हळूहळू आई 'मला-तुला' बोलायला शिकली. फार मन लावून शिकली, परीक्षा असल्यासारखी. पण त्या मराठीत तिला गोष्टी सांगता येत नव्हत्या. त्यात तिला फक्त कामाचं बोलता यायचं. जेवायला वाढू का, छत्री घेतलीस का, कधी येशील. म्हैस, चुलत सासरे, कुकर, सगळं बंद झालं. मी मात्र मराठी घेऊन शिकले, मराठी शिकवून पोट भरलं आणि माझ्या भाषेचं लोक कौतुक करतात. करू देत.

आता बाबा नाहीत. आई माझ्याकडे असते. दुपारी पारशिवनीहून मावशीचा फोन येतो आणि बंद दाराआडून मला आईचा तो जुना आवाज ऐकू येतो. "अवं मंग काय झालं माहीत हाय का तुले?" ती म्हणते आणि खळखळून हसते. मी दार ढकललं की म्हणते, "ठेवते आता," आणि माझ्याकडे वळून विचारते, "तुला काही हवंय का?"

एकदा मी तिला त्या बाहुल्याचं सगळं सांगितलं. काळी जीभ, कात्री, गल्लीतले मास्तर, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "असेल," एवढंच म्हणाली.

गेल्या महिन्यात फोनवर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी घेऊन गेले. तिनं फोन ठेवला. मी तिच्या पलंगावर बसले आणि धीर करून म्हटलं, "आई, मले बी सांग न वं. काय म्हणून राहिली मावशी?"

इतक्या वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून निघाला, आणि नीट निघाला नाही. नाटकातल्या नोकराच्या तोंडी घालतात तसा निघाला. माझं मलाच ऐकू आलं ते. आई रागावली नाही. पाण्याचा पेला माझ्या हातातून घेतला, दोन घोट प्यायली, आणि पेला खाली ठेवत म्हणाली, "अजून हसतेस का गं मला?"